पुस्तकांच्या शेजारी हत्यारपेटी

आपल्या संघाच्या गेल्या वार्षिक सभेत एक विषय निघाला आणि वेळेअभावी अर्धाच राहिला. संघाच्या साहाय्यावर चालणाऱ्या आपल्या शाळेतील वाचनालयाची खोली आठवड्यातून दोन तास उघडते व एरवी कुलुपात असते. ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. या खोलीचे पुढे काय करावे, असा तो प्रश्न होता. तरुण सभासदांचे म्हणणे पडले की, जुनी कपाटे हलवून तेथे त्रिमिती मुद्रणयंत्र, संगणक आणि यंत्रमानवाचे संच मांडावेत, म्हणजे शाळा काळाबरोबर चालेल. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, वाचनालय ही शांततेची जागा; तेथे हातोडी-करवतीचा खडखडाट कशाला? दोन्ही बाजूंनी बरीच भाषणे झाली आणि शेवटी नेहमीप्रमाणे 'चौकशी करून पुढील सभेपुढे ठेवावे' असा ठराव होऊन चौकशीचे काम आम्हांवर सोपविण्यात आले.

आम्ही बेळगावच्या रविवार पेठेतील धान्याचे घाऊक व्यापारी. मॅट्रिकच्या पुढे आमचे शिक्षण झालेले नाही, आणि यंत्रशास्त्राचा आम्हांस गंधही नाही. परंतु माल घेण्यापूर्वी नमुना पाहावा, दोन ठिकाणी भाव विचारावा, घेतलेला माल ठेवणार कोठे व राखणार कोण याचा विचार करावा, आणि मगच सौदा करावा, ही आमच्या धंद्याची रीत आहे. त्याच रीतीने आम्ही ही चौकशी केली. तिचा निष्कर्ष आरंभीच सांगून टाकतो. असा कक्ष अवश्य काढावा. तो वाचनालयातच काढावा. परंतु एकही पुस्तक न हलविता काढावा. आणि पैसा प्रथम माणसावर, मग कच्च्या मालावर व सर्वांत शेवटी यंत्रांवर खर्च करावा. हे मत कसे बनले ते पुढे क्रमाने मांडतो.

इंग्रजीत ज्यास 'मेकरस्पेस' म्हणतात, त्यास मराठीत अद्याप रूढ शब्द नाही. या लेखापुरता आम्ही 'कृतिकक्ष' हा शब्द योजतो. कृतिकक्ष म्हणजे अशी जागा की, जेथे हत्यारे, साधने आणि थोडाबहुत कच्चा माल सर्वांसाठी मांडून ठेवलेला असतो, आणि येणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या मनातील वस्तू स्वतःच्या हातांनी घडवून पाहते. प्रयोगशाळेत काय करावयाचे ते पुस्तकात आधीच लिहिलेले असते व उत्तरही ठरलेले असते. कृतिकक्षात प्रश्न मुलाचा असतो आणि उत्तर कोणासच ठाऊक नसते. एवढाच या दोहोंतील भेद, पण तो फार मोठा आहे.

या कल्पनेचा अलीकडचा इतिहास असा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' अशा अर्थाच्या नावाचा एक वर्ग काढला. मोजके संशोधक येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कलावंत, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अशा नाना लोकांनी तेथे गर्दी केली. त्यातून 'फॅब लॅब' या नावाच्या कर्मशाळा निघाल्या. २००५ मध्ये तिकडे 'मेक' नावाचे नियतकालिक सुरू झाले व घरच्या घरी वस्तू घडविणाऱ्यांची मोठी चळवळच उभी राहिली. २०११ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल या लहान गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या इमारतीतच अशी कर्मशाळा काढली. २०१३ मध्ये शिकागोच्या मुख्य ग्रंथालयाने तिचा कित्ता गिरविला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे २०१८ च्या डिसेंबरात 'ओडी' हे नवे मध्यवर्ती ग्रंथालय उघडले. त्यात पुस्तकांच्याच इमारतीत शिवणयंत्रे आणि त्रिमिती मुद्रणयंत्रे नागरिकांसाठी मांडलेली आहेत. तेव्हा वाचनालयात हत्यार आणणे हा वाचनालयाचा अपमान होय, असे निदान ग्रंथांवर जीव टाकणाऱ्या त्या देशांस तरी वाटलेले नाही.

परंतु परदेशात झाले म्हणून आपण करावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. किंबहुना ही वस्तू आपल्या घरचीच आहे आणि आपण ती विसरलो आहोत, असे आमचे मत चौकशीअंती झाले. आपले जे सभासद बडोद्यास आहेत त्यांस हे अधिक सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हस्ते कलाभवन काढले व तेथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम अशा विद्या शिकविण्याची सोय केली. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. त्याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरविली. हात आणि ग्रंथ या दोहोंची काळजी एकाच राजाने वाहिली. दुर्दैवाने पुढे आपण त्या दोन विद्यांच्या दोन वेगळ्या इमारती केल्या आणि मध्ये भिंत घातली.

आपल्या बेळगावचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकार व्हावयाचे म्हणून मुंबईस गेले. पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे तो मार्ग खुंटला. यांत्रिक रेखाटनात त्यांचा हात चालला व त्यावरच ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये या किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान बेळगावात निघाले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर त्यांनी घडविला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने आरंभी शेतकरी तो नांगर घेईनात. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात गेला व किर्लोस्करवाडी वसली. आणि त्याच कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, जे पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले. नांगराच्या ओतशाळेच्या शेजारी छापखाना चालू शकतो, तर पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक हत्यारपेटी का राहू शकणार नाही?

शिक्षणाच्या क्षेत्रातही हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली व हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा नयी तालीमचा विचार देशापुढे आला. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांतून 'करून पाहा आणि शिका' या धर्तीचा विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तो पुढे सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला व २००२ मध्ये राज्यशासनाने बंद केला. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि काड्यापेटीतील काड्या एवढ्यावर भूमिती शिकविण्याची युक्ती याच वातावरणात अरविंद गुप्ता यांस सुचली. पुढे पुण्यास आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखविली व २०१८ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. आणि सर्वांत अभिमानाची गोष्ट ही की, एमआयटीच्या बाहेर जगातील पहिली फॅब लॅब २००२ मध्ये निघाली ती पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात ती निघाली. अमेरिकेत विद्या संपादन केलेला हा गृहस्थ मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून दुष्काळी माळावर येऊन बसला आणि शाळेत नापास ठरलेल्या मुलांस शेती, यंत्रकाम, ऊर्जा व गृह-आरोग्य ही कामे प्रत्यक्ष करता करता शिकवू लागला. पाबळला जे जमले ते बेळगावास का जमू नये, याचे उत्तर आम्हांस कोणी द्यावे.

आता मुख्य प्रश्न. असा कक्ष काढावयाचाच तर तो वाचनालयात का? विज्ञानाच्या प्रयोगशाळेत का नको?

चौकशीच्या निमित्ताने आम्ही तीन शाळा पाहिल्या. त्यांची नावे येथे लिहिण्याचे कारण नाही. पहिल्या शाळेत फार देखणी स्वतंत्र प्रयोगशाळा होती. भिंतींवर रंगीत चित्रे, मेजांवर यंत्रे, आणि यंत्रांवर प्लास्टिकची आवरणे. ज्या शिक्षकाने त्या यंत्रांचे प्रशिक्षण घेतले होते त्याची बदली झाली होती. त्रिमिती मुद्रणयंत्राचे तोंड तुंबले होते व ते दुरुस्त करणारा माणूस गावात नव्हता. पाहुणे आले की कुलूप निघते, असे तेथील शिपायाने आम्हांस निरागसपणे सांगितले. दुसऱ्या शाळेत प्रयोगशाळा चालू होती, पण ती वेळापत्रकाला बांधलेली. ज्या वर्गाचा तास त्याच वर्गाने यावे, आणि पहिल्या वीस गुणवंतांनी प्रथम यावे.

तिसऱ्या शाळेत स्वतंत्र खोली नव्हतीच. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात दोन मेजे, भिंतीवर टांगलेली साधी हत्यारे आणि बाहेरच्या पडवीत एक शेगडा बसविलेला. एक निवृत्त फिटर दुपारी तीन तास येऊन बसत. तेथे आठवीतील दोन मुली गोदामातील दमट हवेची सूचना देणारा दिवा करीत होत्या. हवेतील आर्द्रता मोजणारा एक लहानसा संवेदक, एक छोटी विद्युत्पट्टी आणि एक दिवा, एवढीच सामग्री. आमचा धंदा कळताच त्यांनी विचारले, 'काका, धान्य ओले आहे हे तुम्ही कसे ओळखता?' आम्ही सांगितले की, दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. नरम दबला तर माल ओला. त्यावर धाकटीने विचारले, 'पण हा संवेदक तर हवेतील ओल मोजतो, दाण्यातील नव्हे. मग दिवा कोणत्या आकड्यावर लावायचा?'

आम्ही चाळीस वर्षे धान्य विकतो, पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. फिटरमहाशयांसही उत्तर ठाऊक नव्हते. ती मुलगी उठली, पाच पावलांवरील कपाटाकडे गेली आणि धान्य-साठवणुकीवरील एक पुस्तक घेऊन आली. भोवतालच्या हवेत जेवढा दमटपणा, त्या मानाने दाणा ओल शोषतो किंवा सोडतो व काही काळाने दोहोंचा समतोल होतो. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीस वाव मिळतो. आणि गहू फार दिवस ठेवावयाचा तर त्यातील ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असावा, असे त्यातून निघाले. मुलींनी दिवा पासष्टवर ठेवावयाचे ठरविले. 'सत्तर होईपर्यंत थांबलो तर उशीर होईल,' असे त्या म्हणाल्या. बेळगावच्या पावसाळ्यात ज्यांची गोदामे आहेत त्या आमच्या बंधूंस या पाच टक्क्यांची किंमत कळेल.

कृतिकक्ष वाचनालयातच का हवा, याचे आमच्या मते हेच उत्तर आहे. हत्यार हातात आले की प्रश्न उत्पन्न होतो, आणि प्रश्न उत्पन्न झाला त्याच क्षणी पुस्तक पाच पावलांवर असले पाहिजे. ते दुसऱ्या मजल्यावर कुलुपात असेल तर प्रश्न तेथेच विरून जातो. उलट केवळ पुस्तके असली आणि करून पाहण्यास काहीच नसले, तर मुलास पुस्तक उघडण्याचे कारणच राहत नाही. आपले वाचनालय आज ओस का पडले आहे, याचे एक कारण आम्हांस यातच दिसते. आपल्या मुलांसाठी मराठी विश्वकोशाचे खंड तेथे आहेत. यंत्रे, धातू, पिके, वीज या सर्वांवर त्यात मराठीत माहिती आहे. ते खंड आज कोणी उघडीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाने यंत्राची माहिती आपल्या भाषेत शोधावी, अशी संधी त्यास एकदा तरी दिली पाहिजे.

दुसरे कारण वाचनालयाच्या स्वभावात आहे. वाचनालयात परीक्षा नसते, गुण नसतात, पहिला-शेवटचा नंबर नसतो. जो येईल तो आपला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आद्य पुरुष डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांचा आरंभच ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात या विचाराने होतो आणि शेवट ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे या विचाराने. ज्यास वाढावयाचे आहे त्याने नवी पालवी का नाकारावी?

तिसरे कारण व्यापाऱ्यास चटकन पटेल. वस्तू उसनी देणे, परत घेणे, मोजणे आणि वर्षाअखेर शिल्लक जुळविणे ही विद्या शाळेत फक्त वाचनालयास अवगत आहे. पुस्तकास जसा दाखल क्रमांक तसाच तो हातोडीस द्यावा, पकडीस द्यावा. भिंतीवरील फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवावी, म्हणजे सायंकाळी रिकामी आकृती दिसली की कोणते हत्यार परत आले नाही ते न मोजता कळते. आपण गोदामात थप्पी लावतो ती याच हेतूने.

आता व्यवस्थेसंबंधी. वडीलधाऱ्यांची शंका निराधार नव्हे. धूळ, ठिणगी व गोंगाट यांचे पुस्तकांशी वैर आहे. म्हणून कामाचे दोन भाग करावेत. शिवण, कागदकाम, पुठ्ठ्याचे नमुने, लहान विद्युत्मंडले व संगणकावरील रेखाटन ही कोरडी व शांत कामे वाचनालयाच्या आतील दोन मेजांवर. करवत, कानस, रंधा, छिद्रयंत्र आणि सोल्डरिंग ही कामे मागील पडवीत, उघड्या हवेत. सोल्डरिंगचा धूर छातीस अपायकारक असतो, म्हणून तेथे वारा खेळता हवा व कथील शिसेविरहित घ्यावे. लेसर किरणाने कापणारे यंत्र आपण घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यास धूर बाहेर टाकणारी स्वतंत्र योजना लागते, आणि चुकून पीव्हीसीचा तुकडा त्यात गेला तर विषारी वायू निघतो. विजेची जोडणी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. जमिनीची तार पक्की असावी आणि तीस मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-प्रवाहरोधक बसवावा. डोळ्यांवर चष्मा व सैल केस बांधलेले, हे दोन नियम मोडणाऱ्यास त्या दिवशी हत्यार मिळू नये. एवढे पाळले तर स्वयंपाकघराहून अधिक धोका तेथे नाही.

पहिल्या वर्षी काय घ्यावे? हातोड्या, पकडी, पेचकस, करवती, कानशी, मोजपट्ट्या, एक शेगडा, एक हातछिद्रयंत्र, दोन शिवणयंत्रे, विद्युत्मापक, दोन सोल्डरिंगच्या कांड्या, आणि आर्डुइनो जातीच्या दहा-बारा विद्युत्पट्ट्या. आर्डुइनो ही पट्टी २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ गावी शिक्षणासाठी निघाली. तिचा आराखडा निर्मात्यांनी जगास खुला ठेवला, म्हणून अनेक कारखाने ती करतात व ती काही शे रुपयांत मिळते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण बाजारात 'संपूर्ण संच' विकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची छापील पुस्तके फार आकर्षक असतात. अशा विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावेत. यास लागणारा कच्चा माल आमच्या गावच्या बाजारात मिळतो काय? हे बिघडल्यास बेळगावात कोण दुरुस्त करील? यात दुसऱ्याने बनविलेला भाग चालतो काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले तर सौदा मोडावा. त्रिमिती मुद्रणयंत्रास आमचा विरोध नाही. पण एक लहानशी वस्तू छापण्यास त्यास तास-दोन तास लागतात आणि चाळीस मुले तोवर नुसती पाहत बसतात. ते दुसऱ्या वर्षी एक घ्यावे, आणि ज्यांनी हाताने वस्तू घडविली त्यांच्याच हाती द्यावे.

पैशाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. केंद्र सरकारच्या नीती आयोगाने २०१६ मध्ये अटल नवोन्मेष अभियान सुरू केले व त्याखाली शाळांतून अटल टिंकरिंग लॅब काढण्यासाठी प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवले. देशात अशा सुमारे दहा हजार प्रयोगशाळा निघाल्या. आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. या योजनेतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. वीस लाखांपैकी दहा लाख उभारणीसाठी, आणि उरलेले दहा लाख पुढे पाच वर्षांपर्यंत चालविण्यासाठी. सरकारलाही अर्धा पैसा चालविण्यासाठी राखावासा वाटला. आपण मात्र देणगी देतो ती कोनशिलेसाठी व उद्घाटनासाठी. ज्या पहिल्या शाळेचे वर्णन आम्ही केले, तेथे यंत्रांचा तुटवडा नव्हता. तेथे माणूस नव्हता.

आपली शाळा सरकारी नाही व आपली खोलीही लहान आहे. म्हणून अनुदानाची वाट पाहत बसू नये. आमची सूचना अशी की, रुपयाचे सोळा आणे धरले तर आठ आणे माणसासाठी, पाच आणे कच्चा माल व दुरुस्तीसाठी आणि तीन आणे हत्यारांसाठी ठेवावेत. माणूस म्हणजे पूर्णवेळ ग्रंथपाल, ज्यास हत्यारांचा विटाळ नाही. आणि त्याच्या जोडीस दुपारी तीन तास येणारा एक अनुभवी कारागीर. या दोघांच्या तीन वर्षांच्या वेतनाची तरतूद बँकेत जमा झाल्याशिवाय एकही यंत्र विकत घेऊ नये. बी-बियाणे घेतले आणि पेरणाराच नाही, असा व्यवहार आपण आपल्या पेढीवर कधी करीत नाही. मग शाळेत का करावा?

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या व्यापारी समाजात हस्तकामाविषयी जी अढी आहे ती आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. तागडी धरावी, कीर्द-खतावणी लिहावी, पण हत्यार धरणे हे दुसऱ्याचे काम, असे आपल्या घराघरांत न बोलता शिकविले गेले आहे. सुताराला आपण काम सांगतो, भावात घासाघीस करतो. पण त्याच्या शेजारी बसून तो सांधा कसा जुळवितो ते आपला मुलगा पाहत नाही. परिणाम काय? याच गावच्या उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकाम करून कारखानदार झालेली माणसे आपण पाहतो, आणि आपली मुले पदव्या घेऊन दुसऱ्या शहरांत नोकऱ्या शोधतात. नोकरी वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मुलास एखादी वस्तू मुळापासून घडविता येते, त्यास धंदा काढण्याचे धैर्य अधिक असते, एवढे आमच्या पाहण्यात आले आहे. शिवाय ज्या कारागिराच्या मुलाचा अभ्यासात नंबर शेवटचा असतो, तोच या कक्षात इतरांस शिकवू लागेल. एकाच शाळेत शिकणाऱ्या मुलांनी एकमेकांकडे आदराने पाहण्याची ही संधी आहे, आणि ती लहान गोष्ट नव्हे.

मुलींविषयीही हेच. शिवणयंत्र मुलींचे आणि करवत मुलांची, अशी वाटणी तेथे पहिल्या दिवशी झाली की ती कायम होते. म्हणून शिवणयंत्रावर मुलांनी व शेगड्यावर मुलींनीही बसावे, असा क्रम पहिल्या महिन्यात मुद्दाम लावावा. पुढे ज्याला जे आवडेल ते त्याने करावे.

परीक्षेच्या गुणांचे काय होणार, असे पालक विचारतील. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकण्याची योजना सांगितली आहे. तेव्हा शासनाचाही याला विरोध नाही. परंतु आम्ही याहून साधे उत्तर देतो. मापपट्टीने लाकूड मोजून ते अर्ध्या बोटाने आखूड कापले गेले की अपूर्णांकांचा धडा मुलगा पुन्हा स्वतःहून वाचतो.

हा कक्ष चालला की नाही हे कशावरून ठरवावे? छायाचित्रांवरून नव्हे, प्रदर्शनावरून नव्हे. वर्षाअखेर नोंदवही मागवावी. किती हत्यारे दिली गेली, किती झिजली, किती मोडली, आणि त्याच महिन्यांत किती पुस्तके कपाटातून निघाली, हे चार आकडे पाहावेत. एकही कानस झिजली नाही आणि एकही पाते तुटले नाही, तर समजावे की आपण पुन्हा एक कुलूपबंद खोली बांधली. कच्च्या मालातील नासाडी पाहून कोणी कपाळास आठ्या घालू नयेत. धान्याच्या पोत्यातही घट धरावीच लागते. शिकणाऱ्या हाताची घट त्याहून थोडी अधिक असते, इतकेच.

शेवटी, येत्या सभेपुढे आम्ही पुढील ठराव मांडू इच्छितो. वाचनालयातील सर्व ग्रंथ जागच्या जागी ठेवून तेथे कृतिकक्ष काढावा. ग्रंथपालाची जागा संघाच्या खर्चाने प्रथम भरावी. तीन वर्षांचा चालू खर्च आधी उभा करावा. एक वर्ष नीट चालल्यास, बडोद्याच्या फिरत्या ग्रंथपेट्यांच्या धर्तीवर पुस्तके व हत्यारे एकत्र असलेल्या तीन पेट्या करून आपण ज्या खेड्यांतून धान्य आणतो तेथील शाळांस आळीपाळीने द्याव्यात. त्या खेड्यांच्या जोरावर आपल्या पेढ्या उभ्या आहेत. एक पेटी परत पाठविणे हे त्या मानाने काहीच नाही.

देणगी केवळ पैशाची असावी असेही नाही. बंद पडलेला पंखा, जुना वजनकाटा, अडगळीतील शिवणयंत्र, रिकामे बारदान, फळ्यांचे तुकडे हे सर्व उपयोगी आहे; फक्त काय चालते आणि काय मोडके आहे ते वर लिहून पाठवावे. ज्या भगिनींस शिवणकाम येते त्यांनी आठवड्यातील एक दुपार द्यावी. ज्यांच्या ओळखीत एखादा जुना फिटर, सुतार वा घड्याळजी आहे त्यांनी त्याचे नाव सुचवावे. आणि ज्या बंधूंचे मत आमच्याहून निराळे आहे त्यांनी ते सभेपूर्वी लेखी कळवावे, म्हणजे या वेळी तरी वेळेअभावी विषय अर्धा राहणार नाही.